पडझडीवरून वाऱ्याचा जोर कसा ठरवावा

एप्रिल-मे महिन्यांत तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या भागांत वळीव येतो तो पुष्कळदा सोसाट्याचा वारा घेऊनच, आणि पाहता पाहता बेदाणा शेडचे पत्रे उडतात, द्राक्षाचे मांडव आडवे होतात. शिवारात वारा मोजणारे यंत्र नसते; तरीही पडझड नीट वाचली तर वेगाचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेत टोर्नेडोची, म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत पोचणाऱ्या वावटळीची, प्रतवारी याच रीतीने होते. शिकागो विद्यापीठातील तेत्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये मांडलेली श्रेणी २००७ पासून तेथे सुधारित रूपात वापरतात. तिच्यात शून्य ते पाच अशा सहा प्रती असून शून्याची सुरुवात ताशी सुमारे १०५ किलोमीटरला होते, तर पाच क्रमांकाची प्रत ३२२ च्या पुढे लागते. हे आकडे तीन सेकंद टिकणाऱ्या झोताचे आहेत.

पाहणीला निघताना प्रथम वस्तू निवडावी. अमेरिकेच्या सुधारित पद्धतीत अशा २८ वस्तू ठरलेल्या आहेत. त्यांत घरे, शाळा, विजेचे खांब यांबरोबर झाडेही येतात. आपल्याकडे झाडांपासूनच सुरुवात करावी, कारण तेथील घरांचे कोष्टक लाकडी सांगाड्याच्या बांधकामावर बेतलेले असल्याने ते आपल्या दगडी भिंतींना किंवा पत्र्याच्या छपरांना जसेच्या तसे लावणे चुकीचे ठरेल. रुंद पानांच्या झाडाच्या बारीक फांद्या मोडल्या असतील तर वेग साधारण ९७, झाड मुळासकट उपटले असेल तर १४६, आणि खोडच मधून मोडले असेल तर १७७ किलोमीटर धरतात. यानंतर खरे कसब लागते: उपटलेल्या झाडासाठी १२२ ते १९० असा मोठा पल्ला दिलेला आहे, म्हणून मुळे कुजकी होती का, जमीन पावसाने भिजून सैल झाली होती का, हे पाहूनच आकडा खाली किंवा वर न्यावा. एकाच झाडावरून निष्कर्ष काढू नये.

पडलेल्या झाडांच्या दिशा होकायंत्राने टिपणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सगळी झाडे एकाच दिशेला झोपली असतील किंवा पंख्यासारखी बाहेर पसरली असतील, तर तो ढगातून कोसळून फाकलेला वारा असण्याचा संभव अधिक. अरुंद पट्ट्यात ती दोन्ही बाजूंनी आत वळलेली असतील, तरच टोर्नेडोचा विचार करावा.

या पद्धतीची मर्यादाही ध्यानात ठेवावी. ३१ मे २०१३ रोजी अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील एल रिनोजवळच्या टोर्नेडोत वाहनावरच्या रडारने ताशी ४७० किलोमीटरहून अधिक वेग टिपला होता. मात्र तो बहुतांशी मोकळ्या रानातून गेल्यामुळे पडझडीवरून त्याला तीन क्रमांकाचीच प्रत मिळाली. आपल्या उघड्या माळावरही वारा असाच खूण न ठेवता जाऊ शकतो.

हे सर्व करवत चालण्यापूर्वी व्हायला हवे. पंचनाम्याची वाट पाहत असतानाच प्रत्येक झाडाचे छायाचित्र घ्यावे, त्यात मुळांची माती दिसेल असे पाहावे आणि खोडाचा घेर दोरीने मोजून वहीत लिहून ठेवावा.