भाड्याच्या घरातली दुरुस्ती घरमालकाकडून कशी करून घ्यावी

भिंतीला ओल आली, छताचे पोपडे पडू लागले किंवा न्हाणीघरातले पाणी खोलीत झिरपू लागले, की भाडेकरूला चहूकडून एकच सल्ला मिळतो : भाडे थांबवा, मालक आपोआप ताळ्यावर येईल. गेल्या बावीस वर्षांत मी पुण्यात सहा भाड्याच्या घरांत राहिले आहे आणि ओळखीतल्या अनेक कुटुंबांची अशी भांडणे जवळून पाहिली आहेत. भाडे थांबवल्यामुळे ज्याच्या घराची दुरुस्ती झाली, असा एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही. भाडे थांबले की गळती बाजूला राहते, थकबाकी हाच वादाचा विषय होतो आणि तक्रारदार असलेला भाडेकरू कसूरदार ठरतो. म्हणून वाद कितीही चिघळला तरी भाडे दरमहा, ठरल्या तारखेला आणि बँकेतूनच द्यावे. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीवर उभे आहेत. घर ताब्यात घेताना काढलेले फोटो आणि करारनाम्याची प्रत आपल्याजवळ आहे, असे मी धरून चालते.

पहिला टप्पा : आपला करार कोणत्या जातीचा आहे ते पाहावे

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. भाडेकरूने करारात वेगळे काही कबूल केलेले नसेल, तर घर सुस्थितीत आणि राहण्याजोगे ठेवण्यास घरमालक बांधील आहे, असे त्याचे कलम १४ सांगते. हे कलम सर्रास दाखवले जाते, पण ते भाडेकरूसाठी आहे, ही गोष्ट सल्ला देणारे विसरतात. शहरांत आज बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर दिली जातात आणि त्या करारावर राहणारी व्यक्ती कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसते, लायसन्सी, म्हणजे मालकाच्या परवानगीवर राहणारी, असते. तिने कलम १४च्या भरवशावर भाड्यातून पैसे कापणे धोक्याचे आहे, कारण तिचा दुरुस्तीचा हक्क मुख्यतः करारातल्या अटींवर अवलंबून असतो. या लेखात सोयीसाठी मी दोघांनाही भाडेकरूच म्हणत आहे. जिथे फरक पडतो तिथे तो स्पष्ट सांगेन.

करारात ‘किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने आणि मोठी दुरुस्ती मालकाने करावी’ एवढेच लिहिलेले असते आणि भांडण नेमके ‘किरकोळ’ या शब्दावरून पेटते. केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या आदर्श भाडेकरार कायद्यात याची चांगली विभागणी आहे : इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, भिंतींचा रंग, नळाचे पाइप बदलणे आणि विजेचे वायरिंग ही कामे मालकाकडे, नळ आणि त्यांचे वॉशर, तुंबलेली मोरी, गीझर, बटणे, कड्याकुलपे आणि खिडक्यांच्या काचा ही कामे भाडेकरूकडे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कायदा लागू होत नाही आणि महाराष्ट्रात १९९९चाच अधिनियम चालतो, तरीही करार नव्याने करताना ही यादी अट म्हणून घालून घ्यावी. करार नोंदवलेलाच नसेल तर घाबरू नये. नोंदणीची जबाबदारी १९९९च्या अधिनियमाच्या कलम ५५ने मालकावर टाकली आहे आणि लेखी, नोंदणीकृत करार नसल्यास घर कोणत्या अटींवर दिले याविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

दुसरा टप्पा : पाणी कोठून येते ते ठरवावे

ओल दिसते तिथे तिचे मूळ असतेच असे नाही. ओल फक्त पावसाळ्यात वाढत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत पाहावी. भर मे महिन्यातही भिंत गार आणि दमट लागत असेल तर पाइप किंवा न्हाणीघर पाहावे. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचा संशय असेल तर तिथल्या रहिवाशांना विनंती करून न्हाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतले पाणी वाहून जाण्याचे तोंड, कापडाने घट्ट बंद करावा, फरशीवर इंचभर रंगीत पाणी साठवावे आणि चोवीस तास वाट पाहावी. तोच रंग आपल्या छताला उतरला तर पुढच्या वादाला जागाच राहत नाही.

हे ठरवणे आवश्यक आहे, कारण त्यावर खर्च कोणाचा हे अवलंबून असते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप आणि पावसाच्या पाण्याची गळती ही सोसायटीची जबाबदारी असते. फ्लॅटच्या आतली गळती संबंधित सभासदाची असते. आपण सोसायटीचे सभासद नसतो, म्हणून सोसायटीकडे अर्ज घरमालकानेच करायचा असतो आणि तो त्याने करावा, ही मागणी आपण मालकाकडे करायची असते. मालकाला वगळून थेट सेक्रेटरींशी हुज्जत घालण्यात महिने जातात. विजेच्या बोर्डाजवळ ओल असेल तर मात्र कोणाचीही वाट न पाहता त्या भागाचा एमसीबी, म्हणजे वीज बंद करण्याचा खटका, लगेच खाली करावा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

तिसरा टप्पा : पत्र

सगळे प्रकरण येथे जिंकले किंवा हरले जाते. हे मला समजायला दोन पावसाळे गेले.

आमच्या तिसऱ्या घरात झोपण्याच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत जूनमध्ये ओलावली. गणपतीपर्यंत तिच्यावर पांढरा लोणा फुटला, गिलावा फुगला आणि कपाटामागे ठेवलेल्या गाद्यांना बुरशी आली. मालक भले गृहस्थ होते, फोन केला की ‘बघतो, माणूस पाठवतो’ म्हणत. मी मोजून अकरा फोन केले. शेवटी चिडून पाच पानांचे पत्र लिहिले आणि त्यात भिंतीबरोबर गळका नळ, तुटलेली जाळी, पार्किंगची जागा आणि तीन वर्षांपूर्वी न झालेला रंग असे सारे घातले. भिंतीविषयी मी लिहिले होते, ‘ओल घालवून द्यावी.’ मालकांनी नळ बदलून दिला, भिंत घासून तिच्यावर ओलविरोधी रंगाचे दोन हात मारून दिले आणि पत्रातली मागणी पूर्ण झाल्याचे उलट कळवले. पुढच्या जुलैत तोच रंग फुग्यासारखा सुटून आला आणि त्याखालून पाण्याचा ओघळ जमिनीपर्यंत गेला. मी मागितले होते तेवढे मला मिळाले होते, म्हणून दुसऱ्यांदा तक्रार करताना माझी बाजू लंगडी पडली.

तेव्हापासून मी पत्राचे तीन नियम पाळते आणि इतरांनाही ते काटेकोरपणे पाळायला लावते. एका पत्रात एकच दोष असावा. दिसणाऱ्या परिणामाची दुरुस्ती न मागता कारण बंद करण्याची मागणी करावी. आणि मुदत नेहमी तारीख घालून द्यावी, कारण ‘लवकरात लवकर’ या शब्दांना काहीही किंमत नसते. पत्राचा मजकूर साधारण असा असावा :

‘आपल्या मालकीच्या वरील पत्त्यावरील सदनिकेत मी दिनांक … च्या करारान्वये राहत आहे. झोपण्याच्या खोलीच्या पश्चिम भिंतीला जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीपर्यंत ओल असून ती मला दिनांक … रोजी प्रथम दिसली. याबाबत मी आपणांस दिनांक … आणि … रोजी तोंडी कळवले आहे. भिंतीबाहेरून जाणाऱ्या सांडपाण्याच्या पाइपाच्या सांध्यातून पाणी झिरपताना दिसते. त्याचे फोटो सोबत जोडले आहेत. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत, म्हणजे दिनांक … पर्यंत, पाणी झिरपण्याचे कारण शोधून ते बंद करावे आणि त्यानंतर गिलाव्याची दुरुस्ती करावी, ही विनंती. पाहणीसाठी आणि कामासाठी घर रोज सकाळी आठ ते दहा आणि रविवारी दिवसभर उघडे राहील. भाडे मी नियमितपणे भरत आहे.’

यापेक्षा जास्त लिहू नये. न्यायालयाची धमकी पहिल्या पत्रात घालू नये, कारण ती वाचून मालक मिस्त्रीऐवजी वकिलाला फोन करतो. कलम १४ लागू होत असेल तर नोटिशीत किमान पंधरा दिवस द्यावेच लागतात. लायसन्सीनेही तेवढेच द्यावेत. ते वाजवी दिसतात. ‘घर उघडे राहील’ हे वाक्य अनेकांना अनावश्यक वाटते, पण मला ते सगळ्यात मोलाचे वाटते, कारण ‘माणूस पाठवला होता, घराला कुलूप होते’ हे मालकपक्षाचे नेहमीचे उत्तर त्या एका वाक्याने निकामी होते.

पत्र कागदावर, सही करून, स्पीड पोस्टाने करारातल्या पत्त्यावर पाठवावे, पोहोच जपून ठेवावी आणि त्याच पत्राचा फोटो मालकाला व्हॉट्सॲपवरही पाठवावा. नुसत्या व्हॉट्सॲपवर भागवू नये. संदेश पुरावा म्हणून चालतात, परंतु १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यांना प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि फोन बदलताना जुने संवाद गेले की सगळेच गेले. पत्र न स्वीकारता परत आले तर तो लिफाफा फोडू नये, तसाच बंद ठेवावा. फोनवर काही ठरले तर त्याच संध्याकाळी ‘आज आपण शनिवारी प्लंबर पाठवण्याचे कबूल केले’ असा दोन ओळींचा संदेश धाडावा.

चौथा टप्पा : मुदत संपेपर्यंत

वाट पाहावी आणि दर चार दिवसांनी त्याच जागेचा, त्याच अंतरावरून फोटो काढावा. मालकाला आगाऊ सूचना देऊन घर पाहण्याचा हक्क आहे, तो अडवू नये. स्वतः भिंत फोडू नये.

पाचवा टप्पा : मुदत उलटल्यावर

येथे भाडेकरू आणि लायसन्सी यांचे रस्ते वेगळे होतात. ज्याला कलम १४ लागू होते, त्या भाडेकरूला नोटिशीनंतर वाजवी काळात काम झाले नाही तर दुरुस्ती स्वतः करून घेऊन तिचा खर्च भाड्यातून वळता करता येतो. त्याला मर्यादा आहे : एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. भाडे महिना ८,००० रुपये असेल तर वर्षाचे ९६,००० होतात आणि २४,००० रुपयांपर्यंतच वळते करता येतात. हिशेब आणि पावत्या नीट ठेवल्या तर खर्चाबाबत तोच निर्णायक पुरावा मानला जातो, म्हणून कच्च्या चिठ्ठीवर मजुरी देऊ नये. मिस्त्रीकडून तारीख, काम आणि रक्कम लिहून सही घ्यावी. काम सुरू करण्याआधी दोन ठिकाणांहून अंदाजपत्रक घेऊन त्याच्या प्रती मालकाला पाठवाव्यात. फक्त दुरुस्तीच करावी. लेखी संमतीवाचून कायमचे बांधकाम केले तर ते घर खाली करून मागण्याचे कारण होऊ शकते.

लायसन्सीने मालकाची लेखी संमती मिळाल्याशिवाय एक रुपयाही कापू नये. त्याने दुसरे पत्र पाठवावे, त्यात पहिल्या पत्राची तारीख आणि अंदाजपत्रकाची रक्कम लिहावी आणि दोनच पर्याय मांडावेत : मालकाने काम करावे, किंवा लायसन्सीने काम करून ती रक्कम पुढच्या भाड्यातून वळती करण्यास मालकाने संमती द्यावी. माझ्या अनुभवात दहातले सात मालक येथे संमती देतात, कारण त्यांना पैशांपेक्षा माणसे शोधण्याचा आणि कामावर उभे राहण्याचा त्रास नको असतो. ‘हो, करून घ्या’ एवढ्या उत्तरावर काम सुरू करू नये. उत्तरात रक्कम आली पाहिजे.

सहावा टप्पा : तरीही काहीच झाले नाही तर

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल करण्यापूर्वीच्या समेटासाठी अर्ज करता येतो. दोन्ही पक्षांत तडजोड होऊन लोकअदालतीचा निवाडा झाला तर त्याला न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकी किंमत असते. भाडे नियंत्रण कायद्याखालील भाडेकरूंचे दावे मुंबई, पुणे आणि नागपूर येथे लघुवाद न्यायालयात आणि इतरत्र दिवाणी न्यायालयात चालतात. तेथे जाण्यापूर्वी वकिलाला सगळी पत्रे तारखेच्या क्रमाने लावून द्यावीत. वादाच्या रागात मालकाने भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडली तर ते त्याच कायद्याच्या कलम २९ च्या विरुद्ध आहे आणि त्यासाठी लगेच न्यायालयात अर्ज करावा. लायसन्सीने कराराची मुदत संपल्यावर घर अडवून बसू नये; मालकाला कलम २४ खाली ताबा मागता येतो आणि मुदतीनंतरच्या राहण्याबद्दल ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम द्यावी लागते.

सातवा टप्पा : झालेले काम तपासून घेणे

न्हाणीघराचे काम असेल तर फरशी बसवण्याआधी, वॉटरप्रूफिंगचा थर वाळल्यावर, पुन्हा चोवीस तास पाणी साठवून पाहावे. मिस्त्री घाई करतो, पण त्याला थांबवावे. नवा गिलावा पुरता वाळेपर्यंत रंग लावू देऊ नये. शेवटी मालकाला कळवावे की अमुक तारखेला काम पूर्ण झाले, पुढच्या पावसाळ्यात भिंत पाहून पुन्हा कळवेन. आमच्या त्या पश्चिमेच्या भिंतीला सांडपाण्याच्या पाइपाचा सांधा बदलल्यावर कोरडी पडायला अडीच महिने लागले. रंग आम्ही दिवाळीनंतर, गाद्या पुन्हा कपाटामागे ठेवण्याच्या आदल्या आठवड्यात दिला.