पूर्वहंगामी उसाचे बेणे ठरवण्याआधी पाचट सोलून बघा

पूर्वहंगामी लागण 15 ऑक्टोबर ते 15 नोव्हेंबर या महिन्यात होते, पण बेण्याचा, म्हणजे लागणीसाठीच्या उसाचा, सौदा त्याआधीच ठरतो. सौदा ठरण्यापूर्वी त्या फडात आत शिरा. बांधावरचा ऊस बघून समाधान मानू नका. मध्यभागी चार-पाच ठिकाणी खालच्या कांड्यांचे पाचट, म्हणजे वाळलेली पाने, सोला. पेऱ्यावर मोहरीहून लहान, राखाडी-काळ्या गोल टिकल्यांचा थर दिसला, तर ती खवले कीड. हे बेणे फुकट मिळाले तरी घेऊ नका.

खात्रीसाठी एक टिकली नखाने खरवडा. वरचे कवच सुटते आणि खाली पिवळी, मऊ मादी दिसते. तिला ना पाय, ना पंख. हे कवच मेण आणि तिने टाकलेली कात यांचे असते. पिल्लांना मात्र पाय असतात. जन्मल्यावर काही तास ती कोवळे पेरे शोधत फिरतात, सोंड खुपसतात आणि पहिली कात टाकली की मादी-पिल्लाचे पाय जातात. तिथून ती मरेपर्यंत हलत नाही. मग ही कीड गावोगाव पोहोचते कशी? थोडीफार वाऱ्याने, पण लांबवर मुख्यतः बेण्यातूनच.

उसावर पाचटाखाली पिठ्या ढेकूणही असतो, त्यामुळे गल्लत होते. दोघेही एकाच मोठ्या गटातले, पण कुळे वेगळी. पिठ्या ढेकूण गुलाबी, अंगावर पांढरी भुकटी असलेला. तो गोड चिकटा सोडतो म्हणून मुंग्या जमतात. खवले कीड, म्हणजे मेलानास्पिस ग्लोमेराटा, डायस्पिडिडी या कवचधारी कुळातली. हे कूळ चिकटा सोडत नाही. मुंग्या नाहीत, काळी बुरशी नाही, म्हणून पाचट सोलल्याशिवाय कीड कळतच नाही. कळते तेव्हा पेरी आखूड झालेली, डोळे (कोंब फुटायच्या जागा) सुकलेले आणि शेंडा वाळायला लागलेला असतो.

उभ्या, वाढलेल्या उसात फवारणीवर पैसे घालवू नका. औषध पाचटाखाली पोहोचत नाही आणि स्पर्शाने मारणारे औषध कवचाखाली जात नाही. उलट चिलोकोरस निग्रिटस हा काळा, चकाकणारा, छोटा ढालकिडा मरतो, जो हीच कीड खाऊन जगतो. कवचांवर बारीक गोल छिद्रे दिसली, तर आतून परोपजीवी गांधीलमाशी बाहेर पडली आहे असे समजा. ऊस लहान असताना, पेरी सुटू लागली की वाळलेले पाचट काढत राहा. पिल्लांचा आडोसा जातो आणि ढालकिड्याला वाट मिळते.

बेणे शक्यतो बेणेमळ्यातले, म्हणजे बेण्यासाठीच वाढवलेल्या उसातले, 9 ते 11 महिन्यांचे घ्या. पाचट हाताने काढा, विळ्याने डोळे दुखावतात. लागणीआधी 100 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि 300 मिली मॅलॅथिऑन मिसळून टिपऱ्या (बेण्याचे तुकडे) 10 ते 15 मिनिटे बुडवा. हातमोजे घाला आणि सध्याची शिफारस कृषी सहायकांकडून तपासून घ्या. जिवाणू प्रक्रिया (जिवाणू खताच्या द्रावणात टिपऱ्या बुडवणे) यानंतर, वेगळ्या द्रावणात करा.

तुमच्याच फडात कीड असेल, तर तो ऊस आधी तोडायला सांगा, बेण्याला देऊ नका आणि त्याचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून फुटणारा ऊस, ठेवू नका.