जर्मनीत ॲपवरून जेवण मागवताय? या चुका टाळा

ऑक्टोबरमध्ये विद्यापीठांचं हिवाळी सत्र सुरू झालं की बर्लिनमधल्या आमच्या मराठी ग्रुपवर दरवर्षी तेच मेसेज येतात. "ऑर्डर डिलिव्हर्ड दाखवतंय, पण कुणी आलंच नाही." "मसूरचं सूप मागवलं, त्यात डुकराचं मांस निघालं." आणि लगेच पुढचा: "पैसे परत कसे मिळतील?" लीफरांडो असो, वोल्ट असो की उबर ईट्स, चुका ठरलेल्या आहेत. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

बेलवर जे नाव, तेच ऑर्डरवर

इथल्या बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो. खालच्या दारापाशी बेलची पाटी असते आणि प्रत्येक बटणापुढे आडनाव. डिलिव्हरीवाला ते आडनाव शोधून बटण दाबतो, तुम्ही वरून दार उघडता. नव्याने आलेली मुलं बहुधा पोटभाड्याने राहतात. बेलवर मूळ भाडेकरूचं नाव असतं आणि ॲपमध्ये ही मुलं स्वतःचं टाकतात.

नॉयकोल्न भागात राहायला आलेल्या सांगलीच्या एका मुलाचा किस्सा सांगतो. जानेवारीची रात्र, बाहेर बर्फ. पत्त्यात त्याने स्वतःचं नाव, मनानेच ठरवलेला फ्लॅट नंबर आणि "सुपरमार्केटजवळ" एवढं लिहिलं. फोन नंबर भारतातला, आणि ते सिम ड्रॉवरमध्ये. घर मागच्या अंगणातल्या इमारतीत, म्हणजे रस्त्यावरून खिडकीसुद्धा दिसत नाही. डिलिव्हरीवाल्याने पाटीवरची सगळी नावं वाचली, फोन लावून पाहिला, थांबला आणि निघून गेला. पैसे कापले गेले. इथपर्यंत समजू शकतो. पण आमच्या या मित्राने काय चुकलं ते न बघता पाच मिनिटांत तीच ऑर्डर त्याच पत्त्यावर पुन्हा दिली! पुन्हा तेच झालं. मग मला फोन. मी विचारलं, "बेलवर कुणाचं नाव आहे?" त्याने ते कधी पाहिलंच नव्हतं.

या घाईचा मला मनापासून राग येतो, कारण तिची किंमत खाली थंडीत उभ्या असलेल्या माणसाला मोजावी लागते. बर्लिनमध्ये तो माणूस बऱ्याचदा आपल्याकडचाच विद्यार्थी असतो. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षातून 140 पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, त्यातला एक दिवस तो तुमच्या दारात घालवत असतो.

माझी पद्धत अशी: पत्ता भरण्याआधी खाली जाऊन पाटीचा फोटो काढायचा. आडनाव तिथल्यासारखंच, अक्षर न् अक्षर तसंच टाकायचं. सूचनेच्या रकान्यात पुढची इमारत की मागची (हिंटरहाउस), कितवा मजला, लिफ्ट आहे की नाही ते लिहायचं. नंबर जर्मन सिमचाच द्यायचा आणि फोन हातात ठेवायचा.

"करंट लोकेशन"चं बटण दाबू नका

या शॉर्टकटवर माझा अजिबात विश्वास नाही. बर्लिनच्या जुन्या रस्त्यांवर घरांचे नंबर एका बाजूने चढत शेवटापर्यंत जातात आणि दुसऱ्या बाजूने परत येतात, त्यामुळे 5 नंबरच्या समोर 120 नंबर असू शकतो. पिन रस्त्याच्या पलीकडे पडली की चुकामूक झालीच. त्यात 1920 साली आजूबाजूची शहरं-गावं बर्लिनमध्ये सामील झाली आणि आपापली रस्त्यांची नावं घेऊनच आली, म्हणून एकाच नावाचे रस्ते शहरात अनेक ठिकाणी आहेत. पाच अंकी पिनकोड हातानेच टाका आणि एकदा वाचून बघा.

हिरवा ठिपका इथे नाही

भारतात पाकिटावर हिरवा ठिपका पाहायची सवय असते. इथे तशी सक्तीची खूण नाही, आणि पदार्थाच्या नावात मांसाचा उल्लेख नाही म्हणून तो शाकाहारी ठरत नाही. मसुराच्या किंवा बटाट्याच्या सूपमध्ये श्पेक, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, सर्रास असतात. फ्लामकुखन हा पातळ पिझ्झासारखा प्रकार मुळात श्पेक आणि कांदा घालूनच करतात.

काही जण हुशारीने ॲलर्जीची यादी उघडून बघतात. त्या यादीवर विसंबू नका. युरोपीय नियमानुसार तिच्यात चौदा घटक येतात: दूध, अंडं, मासे, शेंगदाणे वगैरे. डुक्कर किंवा गाय त्यात नाही. पदार्थात मांस असलं तरी यादी स्वच्छ दिसू शकते. अंडं टाळणाऱ्यांना मात्र तीच यादी उपयोगी पडते, कारण श्पेट्सलं या शेवयांमध्ये अंडं असतं. आणि काटेकोर शाकाहारी असाल तर अस्सल पार्मेझान चीज वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारा घटक) वापरून बनतं हे लक्षात ठेवा.

मी फक्त "फेगेटारिश" (शाकाहारी) किंवा "फेगान" (व्हीगन) असं स्पष्ट लिहिलेलंच मागवतो. शंका आली तर रेस्टॉरंटला फोन करतो. मोडकं जर्मन चालतं, लोक नीट उत्तर देतात.

बाकीचं थोडक्यात

रेस्टॉरंटने ऑर्डर स्वीकारली की ती रद्द होईल असं धरून चालू नका. ऑनलाइन खरेदीला असलेला चौदा दिवसांत परत करण्याचा हक्क नाशवंत अन्नाला लागू नाही.

रात्री अकराला भूक लागेल तेव्हा बघू, असं करू नका. बरीच स्वयंपाकघरं दहाच्या सुमारास बंद होतात, आणि अनेक ठिकाणी सोमवारी सुट्टी असते.

किमान रकमेसाठी नको असलेला पदार्थ वाढवू नका. जवळ असेल तर स्वतः जाऊन घेऊन या.

जुन्या इमारतीत लिफ्ट नसेल आणि तुम्ही चौथ्या मजल्यावर असाल, तर टिप द्या. शक्यतो रोख, हातात.

कोल्ड्रिंकच्या बाटलीमागे 25 सेंट जास्त लागले म्हणून तक्रार करू नका. ती अनामत आहे. रिकामी बाटली न चेपता सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाका, पावती मिळते, ती काउंटरवर दिली की पैसे परत.