खुंटीवर मुलाचं स्वतःचं चित्र

कोकणात शाळा उघडते ती ऐन पावसात. पहिल्या दिवशी मॉन्टेसरीच्या दारात ओले रेनकोट, चपलांचा ढीग आणि रडणारी मुलं यांची एकच गर्दी होते. हा गोंधळ कमी करायला शिक्षकांनो, आधीच एवढं करा:

१. शाळा सुरू होण्याआधी चार-पाच कुटुंबांना एकत्र, तासाभरासाठी बोलवा.

२. प्रत्येक मुलाला चित्र निवडू द्या: खेकडा, होडी, काजू. तेच चित्र त्याच्या उंचीच्या खुंटीवर, चपलांच्या जागी आणि डब्यावर चिकटवा. वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी हवीच, नाहीतर दमट हवेत कागद सुटतो.

३. रेनकोट काढून टांगायचा सराव मुलालाच करू द्या. वेळ लागतो, लागू द्या. आईबाबांनी हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी मूल आपली खुंटी शोधतच आत शिरतं.

मात्र पालकांनी नजर चुकवून निसटू नये. ‘येते हं’ सांगूनच निघावं.