थायरॉइड वाढल्यावर धडधडीची गोळी कशी घ्यावी

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशी माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला घेतली आणि सुपारीचे घड माझ्या हातातून निसटू लागले. दोरीची साधी गाठ बसेना. घरच्यांना वाटले, कामाच्या दगदगीने थकवा आला असेल. मी खुर्चीत शांत बसून नाडी मोजली, ती ११८ भरली. दोन महिन्यांत पाच किलो वजन उतरले होते, पंख्याखाली बसूनही अंगाला घाम सुटत होता, आणि हे सगळे मी गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या उकाड्याच्या नावावर खपवत होते. चवथ झाल्यावर रक्त तपासले. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे हार्मोन) जवळजवळ शून्यावर, फ्री टी-फोर (थायरॉइडचे स्वतःचे हार्मोन) नेहमीच्या मर्यादेच्या बराच वर. म्हणजे थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करत होती.

डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या, थायरॉइडसाठी कार्बिमाझोल आणि धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल. दोन्ही घेतल्या आणि आठवड्याभरात हाताची थरथर थांबली, रात्रीची झोप परतली. मला वाटले, आता बरे झाले. दोन गोळ्यांपैकी ‘जिचा गुण दिसत नाही’ ती म्हणजे कार्बिमाझोल, असे स्वतःच ठरवून ती मी बंद केली. सहा आठवड्यांनी तपासले तर टी-फोर आधीपेक्षा वर चढलेले. मधल्या काळात धडधड नव्हती, त्यामुळे मला काहीच कळले नव्हते. हे दुसऱ्या कोणाच्या बाबतीत होऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

आधी समजून घ्या, कोणती गोळी काय करते

गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जास्त हार्मोन तयार करू लागली की हृदय अ‍ॅड्रेनलिनला जास्तच दाद देऊ लागते. त्यातून धडधड, थरथर, घाम, बेचैनी होते. बीटा ब्लॉकर म्हणजे प्रोप्रानोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या जातीच्या गोळ्या. अ‍ॅड्रेनलिन ज्या जागी जाऊन चिकटते त्या जागा या गोळ्या अडवतात. प्रोप्रानोलॉलचा परिणाम तास-दोन तासांत जाणवतो. पण ग्रंथी मात्र आपले काम तसेच करत राहते. मोठ्या मात्रेत प्रोप्रानोलॉल टी-फोरचे टी-थ्री या जास्त प्रभावी हार्मोनमध्ये होणारे रूपांतर थोडे कमी करते, तरी हार्मोन बनण्याला ते लगाम घालत नाही. तो लगाम कार्बिमाझोल घालते, आणि तिला वेळ लागतो. ग्रंथीत आधीच साठलेले हार्मोन संपायला काही आठवडे जातात, रक्तातले टी-फोर निम्मे व्हायलाच काही दिवस लागतात. या मधल्या तीन ते आठ आठवड्यांत रुग्णाला सांभाळून न्यायचे काम बीटा ब्लॉकरचे.

एक अपवाद लक्षात ठेवा. बाळंतपणानंतर किंवा विषाणूच्या तापानंतर ग्रंथीला सूज येऊन साठलेले हार्मोन बाहेर सांडते, तेव्हा ते नव्याने बनत नसते. अशा वेळी डॉक्टर कार्बिमाझोल देत नाहीत, काही आठवडे फक्त बीटा ब्लॉकर देतात. म्हणून शेजारणीला एकच गोळी आणि आपल्याला दोन, हे पाहून गोंधळू नका, आणि तिच्या गोळीशी आपली गोळी जुळवून पाहू नका.

पहिली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना काय सांगावे

दमा असेल तर सगळ्यात आधी तो सांगा. लहानपणी होता, आता पावसाळ्यातच थोडा घोंघावतो, एवढे असले तरी सांगा. प्रोप्रानोलॉल श्वासनलिका आवळू शकते आणि दम्याच्या रुग्णाला ते जिवावर बेतू शकते. अशा रुग्णासाठी डॉक्टर दुसरा मार्ग शोधतात. हृदयाची गती मुळातच मंद असणे, हार्ट ब्लॉक (हृदयातल्या विजेच्या संदेशाला अडथळा), हृदय कमकुवत होऊन पायांना सूज येणे, थंडीत बोटे पांढरी-निळी पडणे, हेही सांगायला हवे. शक्यतो ईसीजी काढून मगच सुरुवात होते, कारण थायरॉइडमुळे हृदयाचे ठोके अनियमितही झालेले असू शकतात आणि मग उपचार वेगळे लागतात.

गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा, कारण औषधाची निवड त्यावर ठरते.

मधुमेह असेल तर जरा थांबून हे वाचा. साखर एकदम उतरली की छाती धडधडते, हात थरथरतात, त्यावरून आपण सावध होतो. बीटा ब्लॉकर ही दोन्ही लक्षणे झाकून टाकतो. घाम तेवढा येतो, पण थायरॉइडच्या रुग्णाला घाम एरवीही येतच असतो, त्यामुळे त्यावरून कळत नाही. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर ग्लुकोमीटरवरच भरवसा ठेवा.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून घेऊन जा, नावे तोंडपाठ सांगत बसू नका. डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल हे रक्तदाब-हृदयाचे औषध आधीच चालू असेल तर ते आणि बीटा ब्लॉकर मिळून नाडी फार मंद होऊ शकते. बायोटिनच्या, केसांसाठीच्या गोळ्या घेत असाल तर रक्त तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस त्या थांबवाव्या लागतात, नाहीतर थायरॉइडचे आकडे खोटे येतात.

नाडी मोजायला शिका

मला वाटते, या औषधात रुग्णाच्या हातातले सर्वात महत्त्वाचे काम हेच. पाच मिनिटे शांत बसा. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटावर दोन-तीन बोटे ठेवा (अंगठ्याने मोजू नका, त्याला स्वतःचा ठोका असतो). घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तर अनियमित ठोके निसटतात. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, असे दोनदा मोजून वहीत तारखेसह लिहा. ठोके एकसारखे पडतात की मध्येच चुकतात, हेही लिहा. किती नाडी हवी हे डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. बसल्या जागी ती ५०–५५ च्या खाली आली, किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तर पुढची गोळी घेण्याआधी फोन करा.

रोज गोळी घेताना

साधारणपणे प्रोप्रानोलॉल १० ते ४० मिलिग्रॅम दिवसातून तीन-चार वेळा देतात, अ‍ॅटेनोलॉल २५ ते ५० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, कधी थोडे जास्त. तुमची मात्रा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असेल तीच. तीन वेळची गोळी असेल तर सकाळची पेज, दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण यांना ती बांधून घ्या. प्रोप्रानोलॉल जेवणासोबत घेतले की शरीरात जास्त शोषले जाते, म्हणून एक दिवस उपाशीपोटी, एक दिवस भरल्यापोटी असे करू नका.

फार्मसीत गोळी घेताना पट्टीवरचे नाव अक्षर न् अक्षर वाचा. प्रोप्रानोलॉलसोबत अर्धशिशीचे किंवा चिंतेवरचे औषध मिसळलेल्या गोळ्याही मिळतात आणि त्यांची नावे एकमेकांसारखी असतात. नावापुढे एलए किंवा टीआर असेल तर ती हळूहळू विरघळणारी गोळी असते. ती चावून, कुटून घ्यायची नाही.

एक वेळ चुकली तर आठवल्यावर घ्या, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. सर्दीच्या गोळ्या आणि खोकल्याची औषधे स्वतःहून आणू नका, त्यांतले काही घटक नाडी आणि रक्तदाब वाढवतात. मे महिन्याच्या उकाड्यात पाणी कमी पडू देऊ नका, आणि अंथरुणातून एकदम उठू नका. दारू चक्कर वाढवते, तेव्हा गोळ्या चालू असेपर्यंत सोरो बाजूला ठेवा. चहा-कॉफी निम्म्यावर आणली तर धडधडीला खरेच फरक पडतो.

गोव्यात हमखास विचारतात, नुस्ते (मासे) बंद करायचे का? रोजच्या जेवणातल्या बांगड्या-तारल्यांसाठी तसे सहसा सांगत नाहीत. रेडिओआयोडीनची (किरणोत्सारी आयोडीनची) तपासणी किंवा उपचार ठरले तरच काही दिवस समुद्री खाणे आणि आयोडीनचे मीठ बंद ठेवायला सांगतात. समुद्री शेवाळाच्या ‘थायरॉइडसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांना मात्र हातही लावू नका, त्यांत आयोडीन भरमसाट असू शकते.

हातपाय गार पडणे, लवकर थकणे, भलभलती स्वप्ने पडणे हे बीटा ब्लॉकरमुळे होऊ शकते. त्रास होत असेल तर सांगा, गोळी बदलता येते.

केव्हा वाट पाहू नये

खूप ताप, बेभान बडबड, उलट्या-जुलाब आणि गोळी घेऊनही १३०–१४० नाडी हे थायरॉइड स्टॉर्मचे (थायरॉइडच्या जिवावर बेतणाऱ्या झटक्याचे) लक्षण असू शकते. १०८ ला फोन करा, बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) किंवा जवळच्या मोठ्या इस्पितळात न्या. श्वास लागून छातीत शिट्टी वाजणे, शुद्ध हरपणे, छातीत दुखणे यांनाही तसेच. आणि कार्बिमाझोल चालू असताना घसा दुखून ताप आला तर ती गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशींची तपासणी करून घ्या. क्वचित या गोळीने त्या पेशी फार खाली जातात. ‘पावसाचा ताप आहे’ म्हणून दोन दिवस काढू नका.

गोळी बंद करताना

धडधडीची गोळी, म्हणजे बीटा ब्लॉकर, एकदम सोडली तर नाडी आणि रक्तदाब उसळी मारतात, हृदयविकार असलेल्यांना त्यात धोका असतो. म्हणून चवथ, शिगमो किंवा गावाला जाण्याआधी निदान दहा दिवसांच्या गोळ्या घरात असू द्या. सणात फार्मसी बंद आणि पट्टी रिकामी, असे होऊ देऊ नका. दात काढायचा असेल किंवा शस्त्रक्रिया असेल तर तिथल्या डॉक्टरांना गोळीचे नाव सांगा, आदल्या दिवशी स्वतःहून बंद करू नका.

टी-फोर आणि टी-थ्री मर्यादेत आले की डॉक्टर बीटा ब्लॉकर कमी करायला घेतात. टीएसएच त्यानंतरही काही महिने दबलेलेच राहू शकते, ते पाहून घाबरू नका. माझी गोळी एक-एक वेळ कमी करत तीन आठवड्यांत बंद झाली. शेवटच्या गोळीनंतरही वही आठवडाभर चालू ठेवा, आणि सकाळची नाडी पुन्हा ९०-१०० कडे सरकू लागली तर पुढच्या तारखेची वाट न बघता वही घेऊन डॉक्टरांकडे जा.