रात्री शिडाच्या होडीवर कोणते दिवे लावायचे आणि समोरचे कसे ओळखायचे

सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत दिवे लागलेच पाहिजेत. धुक्यात किंवा दाट पावसात दिवसाही.

पुढे तोंड करून उभे राहा. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. दोन्ही नाकासमोरून बाजूला ११२.५ अंशांपर्यंत दिसतात. मागचा पांढरा उरलेले १३५ अंश व्यापतो. फक्त शिडावर चालताना एवढे पुरे.

इंजिन सुरू केले की, शीड उभे असले तरी, नियमांच्या लेखी तुमची होडी यांत्रिक ठरते. मग डोलकाठीवरचा पुढे २२५ अंश दिसणारा पांढरा दिवाही लावायचा. नेमकी इथेच चूक होते. २० मीटरपेक्षा लहान होडीला डोलकाठीच्या टोकावर तिरंगी दिवा (लाल, हिरवा, पांढरा एकाच दिव्यात) चालतो, पण फक्त शिडावर असताना. इंजिन लावल्यावर तो बंद करून खालचे दिवे लावा. तिरंगी आणि खालचे एकत्र कधीच नकोत. पाहणाऱ्याला दोन होड्या वाटतात.

समोर फक्त लाल दिसला, तर त्या होडीची डावी बाजू तुमच्याकडे आहे आणि ती तुमच्या डावीकडे चालली आहे. लाल-हिरवा एकत्र म्हणजे ती थेट अंगावर येते आहे. एकटा पांढरा फसवा असतो: पाठ असेल, नांगरलेली होडी असेल किंवा वल्ह्याची नाव.

दिवा मिणमिणला तर आधी सॉकेट उघडा. खाऱ्या हवेने तिथे हिरवट थर चढतो; बारीक पॉलिश पेपरने घासून काढा. हिरव्या काचेमागे भलताच पांढरा एलईडी बसवला, तर रंग निळसर दिसतो. सोबत टॉर्च ठेवाच.