उल्हासचा विसर्ग मोजायला निघण्याआधी

विसर्ग म्हणजे नदीतून सेकंदाला किती पाणी जातं ते. तो मोजायला शनिवारी सकाळी उल्हास नदीवर जायचं असेल तर आधी जागा पक्की करा. ठाण्याहून सोयीचं म्हणून कल्याण गाठू नका, तिथं खाडीची भरती चढते आणि पाण्याची पातळी दाखवणाऱ्या मोजपट्टीवर नदीऐवजी समुद्र दिसतो. मोहन्याच्या बंधाऱ्यामागे पाणी तुंबलेलं असतं, शिवाय जलपर्णी. बदलापूरच्या वर, वांगणीच्या बाजूला सरळ वाहणारा, खडक आणि पुलाच्या खांबांपासून दूर असलेला पट्टा शोधा.

शुक्रवारी रात्री करंट मीटर, म्हणजे पाण्याच्या धारेत कप फिरवून वेग मोजणारं यंत्र, बाहेर काढा. पंखा बंद करून, वारा लागणार नाही अशा जागी कप हलकेच फिरवा आणि कान लावून बसा. दीडेक मिनिट फिरून हळूहळू थांबले तर बेअरिंग ठीक. मध्येच अडकल्यासारखे थांबले तर आत रेतीचा कण आहे. पुसा, तेलाचा एक थेंब द्या, पुन्हा फिरवा. हे केल्याशिवाय मी झोपत नाही, कारण जड फिरणारा मीटर नदीचा वेग गुपचूप कमी दाखवतो. त्याच मीटरचं कॅलिब्रेशन कार्ड (कप किती फिरले म्हणजे वेग किती, ते सांगणारं), नवे सेल आणि स्टॉपवॉच पेटीत ठेवा. दोरी, खोलीची काठी, तक्ते, पेन्सिली, पाणी, डबा.

नदीची रुंदी पट्ट्यांत वाटून प्रत्येक ठिकाणी खोली आणि वेग मोजायचा असतो, म्हणून तक्त्यावर अशा वीस-पंचवीस जागांच्या उभ्या रेषा आधीच आखून ठेवा. उथळ पाण्यात वेग पृष्ठभागापासून एकूण खोलीच्या ०.६ वर घ्यायचा, खोल असेल तर ०.२ आणि ०.८ वर घेऊन सरासरी काढायची. घाई करू नका. एक मीटर रुंद, अर्धा मीटर खोल पट्ट्यात वेग सेकंदाला ०.४ मीटर असेल, तर तेवढ्यातूनच सेकंदाला २०० लिटर जातात, म्हणजे दिवसाला सव्वासतरा दशलक्ष लिटर. खोली पाच सेंटिमीटर चुकली की त्यातला दहावा हिस्सा चुकला. या नदीवर किती शहरांचे नळ चालतात ते आठवा.

पाण्यात उतरणाऱ्याने लाइफ जॅकेट घालायचंच, आणि काठावर दुसरा माणूस हवाच. खोली मीटरमध्ये, वेग सेकंदाला मीटरमध्ये. दोन्हींचा गुणाकार एकाच्या जवळ गेला तर उतरू नका. पावसाळ्यात तर विषयच नको. २७ जुलै २०१९ ला याच बदलापूर-वांगणी पट्ट्यात पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. त्या दिवसांत पुलावरूनच मोजायचं, नाहीतर तरंगणारी वस्तू सोडून तिच्या वेगाला साधारण ०.८५ ने गुणायचं.

पोचल्यावर पहिलं काम मोजपट्टी वाचून वेळेसह लिहिणं, आणि शेवटचं कामही तेच. कोरड्या महिन्यांत उल्हासला मुख्यतः भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी मिळतं, त्यामुळे तिथली वीजनिर्मिती कमी-जास्त झाली की आभाळ निरभ्र असतानाही पातळी हलते. एका डिसेंबरात मी शेवटचं वाचन विसरले. घरी आल्यावर आकडे जुन्या वक्राशी, म्हणजे कुठल्या पातळीला किती विसर्ग हे दाखवणाऱ्या आलेखाशी, जुळेनात, आणि मोजताना पाणी चढलं होतं की माझं चुकलं होतं, हे सांगायला काहीच हाती नव्हतं. सबंध दिवसाचं मोजमाप रद्द करावं लागलं, त्याची हळहळ अजून आहे.

म्हणून पातळी-विसर्गाच्या वक्राची प्रत सोबत न्या. काठावर बसूनच सगळ्या पट्ट्यांची बेरीज करा, बिंदू वक्रावर मांडा. लांब पडला तर नदीवर आडवी ताणलेली दोरी तशीच राहू द्या आणि पुन्हा मोजा.